तेल, धूळ आणि सतरा माणकं

सुरतेच्या वराछा किंवा कतारगाम भागात हिऱ्याच्या कारखान्यात पाऊल टाकलं की घंटीभोवती, म्हणजे पैलू पाडायच्या टेबलाभोवती, बसलेले रत्नकलाकार दिसतात. मध्ये बिडाची चकती प्रचंड वेगानं गरगरत असते. तिच्यावर तेलात कालवलेली हिऱ्याची पूड चोपडलेली असते. कारागीर हिरा चकतीवर टेकवतो, उचलतो, भिंगातून न्याहाळतो, पुन्हा टेकवतो. हिऱ्याहून कठीण खनिज निसर्गात नाही, तरी तो इथे झिजतो, कारण त्याला झिजवणारी पूडही हिऱ्याचीच असते आणि तेल तिला चकतीवर धरून ठेवतं. तेल आणि कठीण कण एकत्र आले की काय होतं, हे या शहराइतकं कुणाला ठाऊक नसेल. जगभरात पैलू पडणाऱ्या हिऱ्यांपैकी बहुतेक इथल्याच हातांखालून जातात.

चावीच्या घड्याळाच्या पोटातही तेल असतं. वर्षं उलटली की ते तेल घट्ट होतं आणि त्यात बारीक धूळ मिसळते. कारखान्यात ज्या मिश्रणावर लाखो घरांच्या चुली पेटतात, तसलंच मिश्रण घड्याळात तयार झालं की ते घड्याळाला आतून खायला लागतं. बाहेरून काहीच कळत नाही. काटे फिरतात, टिकटिक ऐकू येते, आणि मालक कौतुकानं सांगतो की पंधरा वर्षांत एकदाही उघडावं लागलं नाही. चांगल्या घड्याळांचा घात या कौतुकानं जितका केला, तितका पाण्यानं आणि पडझडीनंही केला नसेल. चालणारं घड्याळ म्हणजे धडधाकट घड्याळ, हा समज आधी मनातून काढायला हवा. घड्याळाचं आयुष्य त्याच्या किमतीवर ठरत नाही. ते वेळेवर उघडलं, धुतलं आणि त्याला ताजं तेल मिळालं की नाही, यावर ठरतं.

माणकांचं काम काय?

जुन्या घड्याळाच्या डायलवर ‘17 ज्वेल्स’ असं छापलेलं असतं. पुष्कळांना ती दागिन्यासारखी शोभा वाटते. खरं तर ती माणकं डायलवरून दिसतही नाहीत. ती आत, मशीनमध्ये, चाकांच्या आसांना आधार देत बसलेली असतात. बॅलन्स चाकाच्या दोन टोकांना दोन भोकाची आणि दोन झाकणाची अशी चार, त्याच चाकाला धक्का घेणारं एक, पॅलेटच्या दोन दातांची दोन, पॅलेटच्या आसाला दोन, आणि एस्केप चाक, चौथं, तिसरं व मधलं चाक यांना प्रत्येकी दोन. बेरीज सतरा.

पितळेच्या भोकात पोलादी आस फिरत राहिला तर भोक लंबुळकं होतं आणि चाक डुगडुगायला लागतं. माणिक कठीणपणात हिऱ्याच्या खालोखाल बसतं, त्याला आरशासारखी लकाकी देता येते आणि त्यावर तेलाचा थेंब टिकून राहतो. म्हणून ते आसाखाली आलं. 1704 साली लंडनमध्ये निकोला फातिओ हा स्विस गणितज्ञ आणि दबॉफ्र बंधू यांनी माणकाला भोक पाडून घड्याळात वापरण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. माणकाला भोक पाडायचं तर हिऱ्याची पूड लागतेच. पुढे 1902 साली फ्रान्सच्या ऑग्यूस्त वेर्नोईनं भट्टीत कृत्रिम माणिक बनवण्याची रीत जाहीर केली आणि नोकरदार माणसाच्या घड्याळातही माणकं बसू लागली. आजच्या घड्याळातलं माणिक बाजारभावानं स्वस्तच असतं, पण त्याचं काम अनमोल असतं.

त्या कामाचा वेग पाहा. बहुतेक जुन्या चावीच्या घड्याळांत बॅलन्स तासाला 18,000 ठोके देतो, म्हणजे सेकंदाला पाच. दिवसाला 4,32,000. वर्षाला पंधरा कोटींहून जास्त. बॅलन्सच्या आसाचं टोक जेमतेम एक दशांश मिलिमीटर जाडीचं असतं आणि त्याच्या वाट्याला येणारं तेल टाचणीच्या टोकावर मावेल त्याहूनही कमी. मोटारीचं इंजिन काही हजार किलोमीटर चाललं की आपण न चुकता तेल बदलतो. इथे रात्रंदिवस धावणाऱ्या आसाला मात्र दहा-दहा वर्षं तेच सुकलेलं तेल पुरवायला लावतो.

तापीकाठच्या मराठी घरांतली एचएमटी

सुरत-भुसावळ रेल्वेमार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर पुरा झाला आणि तापीच्या खोऱ्यातून माणसांची ये-जा सोपी झाली. या मार्गावरच्या नवापूर स्थानकाचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. धुळे, जळगाव, नंदुरबारकडची असंख्य कुटुंबं याच गाड्यांनी सुरतेत आली आणि यंत्रमागावर, डाईंग-प्रिंटिंगच्या मिलांत कामाला लागली. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत आजही अहिराणी आणि मराठी कानावर पडते. यंत्रमागाची पाळी बारा तासांची. पाळी बदलताना मिनिटांचा हिशोब होतो. अशा घरात घड्याळ चैनीसाठी आलेलं नसतं.

या घरांत कपाटाच्या खणात किंवा लोखंडी पेटीच्या तळाशी एखादी एचएमटी हमखास निघते. हिंदुस्थान मशीन टूल्स ही सरकारी कंपनी 1953 सालची. तिनं जपानच्या सिटिझन कंपनीशी सहकार्य करून 1961 साली बंगळुरूत मनगटी घड्याळांचा कारखाना काढला. जनता, पायलट, सोना, कोहिनूर, कांचन ही नावं मग घराघरांत पोचली. दहावी पास झालेल्या मुलाला, लग्नात जावयाला, निवृत्त होणाऱ्या मास्तरांना एचएमटी द्यायची, हा रिवाजच पडला. 1984 साली टाटा समूह आणि तामिळनाडू सरकारच्या महामंडळानं मिळून टायटन उभी केली, सेलवरची क्वार्ट्झ घड्याळं आली आणि चावीचं घड्याळ मागे पडलं. जानेवारी 2016 मध्ये केंद्र सरकारनं एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला.

हा इतिहास इथे सांगायचं कारण व्यवहाराचं आहे. ज्या कारखान्यात त्या घड्याळाचा बॅलन्स, आस, मेनस्प्रिंग बनत होती तो बंद पडला. आता सुटा भाग हवा असेल तर जुन्या साठ्यातून किंवा दुसऱ्या मेलेल्या घड्याळातून काढावा लागतो. म्हणजे आस झिजण्याआधीच तेल बदलणं याला पूर्वीपेक्षा आज जास्त किंमत आहे. वडिलांची जनता फुकटात मिळाली असेल, तरी तिचा झिजलेला आस फुकटात मिळणार नाही.

टेबलावर उघडलेलं घड्याळ

उधन्याच्या एका छोट्या दुकानात अशीच एक जनता उघडताना पाहिली. घड्याळवाल्या काकांनी सर्वांत आधी पंखा बंद केला. सुरतेच्या दमट दुपारी हे सोपं नाही, पण पंख्याखाली कापसाचा आणि कृत्रिम धाग्याचा बारीक तंतू उडत असतो. या शहरात तो हवेतच असतो. मग त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि मागचं झाकण काढून उजेडात तिरपं धरलं. झाकणाच्या आतल्या बाजूला टोकदार सुईनं कोरलेल्या तीन बारीक खुणा होत्या, अक्षरं आणि तारखा. आधीच्या दुरुस्तीवाल्यांनी आपापल्या कामाची नोंद करून ठेवली होती. शेवटची नोंद 1998 सालची.

मेनस्प्रिंगमधला ताण आधी हळूहळू सोडावा लागतो. तसं न करता पूल, म्हणजे चाकांना वरून धरून ठेवणारी पट्टी, काढला तर चाकांचे दात मोडतात. ताण उतरल्यावर बॅलन्स निघाला, मागोमाग पॅलेट, मग एकेक पूल आणि त्याखालची चाकं. प्रत्येक भाग काचेच्या वेगळ्या वाटीत. तिसऱ्या चाकाच्या माणकात तेलाच्या जागी तपकिरी खळ जमली होती. चाकाचा आस भिंगाखाली धरला तर त्यावर एक गोल खाच स्पष्ट दिसली. घड्याळ आदल्या दिवसापर्यंत चालत होतं. मालकाची तक्रार एवढीच होती की ते दिवसाला सहा-सात मिनिटं मागे पडतं.

भाग पेट्रोलमध्ये मऊ ब्रशनं धुतले गेले. माणकाची भोकं टोक काढलेल्या लाकडी काडीनं साफ झाली, कारण नुसत्या धुण्यानं सुकलेली खळ निघत नाही. मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये हे काम अल्ट्रासोनिक यंत्रात, खास द्रवात होतं. रीत निराळी असली तरी तत्त्व एकच, सुटे केल्याशिवाय स्वच्छ करता येत नाही. पोटात वरूनच तेलाचा थेंब सोडून ‘ऑइलिंग केलं’ म्हणणारा माणूस जुन्या धुळीला नवं तेल पाजतो आणि पूड नव्यानं कालवून देतो.

तेल देणं हा या कामातला सर्वांत नाजूक भाग. बॅलन्सला पातळ तेल, सावकाश पण जास्त दाब सोसत फिरणाऱ्या भागांना दाट, चावीच्या यंत्रणेला ग्रीस. माणकाची वाटी काठोकाठ भरायची नाही, कारण जास्त झालेलं तेल ओघळतं आणि आस कोरडा पडतो. पॅलेटच्या आसांना बहुतेक जाणकार तेल देतच नाहीत. बॅलन्सला झुलवणाऱ्या बारीक हेअरस्प्रिंगला तर तेलाचा स्पर्शही नको. तिची वेटोळी एकमेकांना चिकटली की घड्याळ सुसाट पुढे धावतं. जोडणी झाल्यावर घड्याळ टायमिंग मशीनवर ठेवलं गेलं. ते यंत्र ठोके ऐकून सांगतं की दिवसाला किती सेकंदांचा फरक पडेल आणि बॅलन्स किती अंशांत झुलतोय. डायल वर, डायल खाली, चावी खाली, अशा निरनिराळ्या स्थितींत मोजून मगच काकांनी झाकण लावलं, त्याआधी आतल्या बाजूला आपली खूण आणि तारीख कोरून.

चावीचं किंवा ऑटोमॅटिक घड्याळ रोज वापरात असेल तर साधारण चार ते पाच वर्षांनी असं पूर्ण उघडून घ्यावं. आधुनिक कृत्रिम तेलं जास्त टिकतात आणि काही कंपन्या याहून लांबची मुदत सांगतात. आपल्या घड्याळाच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते पाहावं. मात्र खणात पडून राहिलेलं घड्याळही यातून सुटत नाही. घड्याळ न वापरताही त्यातलं तेल सुकतं. म्हणून आजोबांचं घड्याळ सापडल्या सापडल्या चावी देऊन ‘चालतंय का’ पाहण्याचा मोह आवरावा. आधी ते धुऊन घ्यावं, मग चालवावं.

सुरतेचं पाणी

ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणातून तापीत प्रचंड पाणी सोडलं गेलं आणि सुरतेचा बहुतांश भाग बुडाला. घराघरांतल्या तळमजल्यांवर दिवसच्या दिवस गाळ होता. असल्या पाण्यात घड्याळ सापडलं तर पाण्याहून मोठा शत्रू वेळ असतो. पोलादी भागांवर गंज काही तासांत धरू लागतो, आणि हेअरस्प्रिंगवर गंजाचा एक ठिपका पडला तरी तिची चाल बिघडते. अशा वेळी चावी फिरवू नये, बटणं दाबू नयेत, उन्हात किंवा हेअर ड्रायरसमोर वाळवू नये. काच तापली की आतल्या पाण्याची वाफ होऊन ती मशीनभर पसरते. तांदळाच्या डब्यात पुरूनही उपयोग नाही. बंद केसमधलं पाणी तांदूळ ओढू शकत नाही. त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडे जाऊन झाकण उघडून घेणं, हा एकच उपाय. सेलचं घड्याळ असेल तर आधी सेल काढायचा.

पुराइतकी मोठी आपत्ती नसली तरी रोजचा दमटपणा आहेच. समुद्र जवळ, पावसाळा धो धो, घाम बारा महिने. केसच्या कडेला आणि बेल्टच्या सांध्यांत साठणारा मळ म्हणजे मीठ, कातडीचा कोंडा आणि धूळ. पितळेवर क्रोमचा किंवा सोन्याचा मुलामा असेल तर तो आधी तिथेच उडतो आणि खाली हिरवट कीट धरतं. रात्री घड्याळ काढल्यावर मऊ सुती फडक्यानं केसची मागची बाजू पुसायला अर्धं मिनिट लागतं. जलरोधक घड्याळाचा स्टीलचा पट्टा आठवड्यातून एकदा कोमट साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशनं घासावा. जलरोधक नसेल तर पट्टा सोडवून धुवावा. चामड्याचा बेल्ट पावसाळ्यात सरळ काढून ठेवावा आणि कापडी किंवा रबरी लावावा.

‘वॉटर रेझिस्टंट 30 मीटर’ या शब्दांनी अनेकांची फसगत होते. असं घड्याळ घालून तीस मीटर खोल जाता येतं, असा त्याचा अर्थ नाही. तो प्रयोगशाळेत दिलेल्या स्थिर दाबाचा आकडा आहे. प्रत्यक्षात हात धुताना उडणारे शिंतोडे आणि पावसाचे थेंब, इतकंच त्यात बसतं. पोहायचं तर किमान 100 मीटरचं घड्याळ हवं. शिवाय पाणी अडवतं ते रबराचं बारीक कडं, आणि रबर काही वर्षांत कडक होतं. झाकण उघडलं की कडं बदलून घ्यायला आणि पाण्याची चाचणी करायला सांगावं. गरम पाण्याच्या अंघोळीला घड्याळ घालूच नये. डुमसच्या किनाऱ्यावरून आल्यावर जलरोधक घड्याळ गोड्या पाण्यानं खळबळून पुसावं, आणि तेही चावी पूर्ण आत दाबलेली आहे ना हे पाहून.

काच, चुंबक आणि सेल

महागड्या घड्याळांना नीलमण्याची, म्हणजे सफायरची कृत्रिम काच असते. माणिक आणि नीलम एकाच खनिजाच्या जाती, त्यामुळे चाव्या, नाणी, भिंतीचा गिलावा यांनी तिच्यावर सहसा ओरखडा येत नाही. सुरतेत मात्र हा भरवसा पुरेसा नाही. महिधरपुऱ्याच्या हिरे बाजारात पुडी उघडून टेबलावर ओतलेले खडे, बोटातली हिऱ्याची अंगठी, शेजारच्या हातातलं हिऱ्याचं ब्रेसलेट, हे सगळं सफायरहून कठीण आहे. ज्यांचा हिऱ्यांशी रोजचा संबंध येतो त्यांनी घड्याळ आणि हिरा एका हातात, एका खणात, एका पाकिटात ठेवू नये. जुन्या एचएमटीची काच ॲक्रिलिकची असते. तिला ओरखडे लवकर पडतात, पण ते पॉलिशनं काढता येतात आणि ती पडल्यावर चक्काचूर होत नाही.

चुंबकाची आपत्ती आता पूर्वीपेक्षा फार वाढली आहे. मोबाईलचा स्पीकर, टॅबचं कव्हर, पर्सचं बटण, इंडक्शनची शेगडी, ब्लूटूथ स्पीकर, सगळीकडे चुंबक. पोलादी हेअरस्प्रिंग चुंबकित झाली की तिची वेटोळी एकमेकांकडे ओढली जातात आणि घड्याळ एकाएकी दिवसाला कित्येक मिनिटं पुढे जाऊ लागतं. घड्याळ बिघडलं असं समजून लोक ते उघडायला देतात. खरं तर चुंबकत्व उतरवणाऱ्या यंत्रावर ते काही सेकंदांत ठीक होतं. साध्या होकायंत्राजवळ घड्याळ नेलं आणि सुई डळमळली, तर संशय घ्यायला जागा आहे. रात्री मोबाईल आणि घड्याळ एकाच उशाशी ठेवायची सवय मोडावी.

क्वार्ट्झ घड्याळात स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो, त्यामुळे ते वेळ अचूक दाखवतं आणि त्याची निगाही कमी लागते. त्याचा खरा वैरी मेलेला सेल. घड्याळ बंद पडल्यावर महिनोन्‌महिने खणात तसंच राहिलं तर सेल पाझरतो आणि सर्किट खातो. बंद पडलं त्याच आठवड्यात सेल बदलावा, निदान काढून तरी ठेवावा. रस्त्यावर चाकूनं झाकण उचकटून बसवलेला स्वस्त सेल पुढे महाग पडतो.

रोजची शिस्त

चावीचं घड्याळ दररोज ठरावीक वेळी, शक्यतो सकाळी, मनगटावरून काढून भरावं. मनगटावर असताना चावी फिरवली तर तिच्या दांड्यावर तिरका जोर पडतो. अडलं की थांबावं, पुढे बळजोरी नको. तारखेचं घड्याळ असेल तर रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळात तारीख हातानं बदलू नये. त्या वेळी तारखेचे दात एकमेकांत गुंतलेले असतात आणि जोर लावला की मोडतात. काटे आधी सहा वाजण्याच्या जागी आणून मग तारीख लावणं सुरक्षित.

चांगल्या यांत्रिक घड्याळाकडूनही अवाजवी अपेक्षा नको. स्वित्झर्लंडची अधिकृत क्रोनोमीटर संस्था दिवसाला उणे 4 ते अधिक 6 सेकंदांचा फरक मान्य करते. जुन्या जनतेनं दिवसाला अर्धं मिनिट इकडेतिकडे केलं तर ती उत्तम चालली आहे. आठवड्यातून एकदा फरक लिहून ठेवावा. आकडा स्थिर असेल तोवर काळजी नाही. तो महिन्यागणिक हलू लागला, किंवा पूर्वी दीड दिवस चालणारं घड्याळ एका दिवसात थांबू लागलं, की तेल संपल्याची ती पहिली वर्दी असते.

केसला वारंवार पॉलिश करून घेऊ नये. दर पॉलिशला धातू उतरतो, कडा गोल होतात. जुनं घड्याळ विकत घेताना तर आणखी सावध राहावं. जुनी मशीनं, नव्यानं रंगवलेले भडक डायल आणि कुठलेही काटे एकत्र करून विकलेल्या घड्याळांना संग्राहकांच्या जगात ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. डायल नवाकोरा दिसतो, आत तेल शून्य असतं.

हात कुणाचे?

इतकं सगळं करूनही शेवटी घड्याळ उघडणारा हात लागतोच, आणि तो हात आता कमी होत चालला आहे. झांपा बाजारचा घड्याळाचा मनोरा 1871 साली खानबहादूर बरजोरजी मेरवानजी फ्रेझर यांच्या पैशांतून उभा राहिला. वेळ सार्वजनिक करण्यासाठी शहरातल्या धनवंतानं खर्च केला होता. आज गरज घड्याळांची नाही, ती दुरुस्त करणाऱ्यांची आहे. गल्लीतल्या टपरीवर बसणारे बहुतेक साठी ओलांडलेले आहेत आणि त्यांची मुलं मोबाईल दुरुस्तीकडे वळली आहेत. याला आपणही जबाबदार आहोत. दोन दिवस खपून केलेल्या सर्व्हिसिंगला आपण सेल बदलण्याचे पैसे देऊ करतो, आणि काकांनी जास्त सांगितले की घड्याळ परत खणात टाकतो.

दुसरीकडे, याच शहरात हिऱ्याच्या धंद्याला गेली काही वर्षं ओहोटी लागली आहे. परदेशातली मागणी घटली, प्रयोगशाळेत बनलेल्या हिऱ्यांचे भाव कोसळले, 2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर 50 टक्के आयात शुल्क लावलं. कित्येक रत्नकलाकारांचं काम गेलं किंवा कमी झालं. या माणसांजवळ डोळ्याला भिंग लावून तासन्‌तास बसण्याची सवय आहे, चिमट्यावर हुकमत आहे, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची नजर आहे. घड्याळ दुरुस्तीच्या शिक्षणातला सर्वांत अवघड आणि वेळखाऊ भाग हाच असतो, आणि तो यांचा आधीच झालेला आहे. त्यांना लागेल ते एका वर्षाचं नीट प्रशिक्षण. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी, घड्याळ कंपन्यांनी आणि खजोदला 2023 साली प्रचंड हिरे बाजार उभारणाऱ्या या शहरातल्या धनिकांनी मनावर घेतलं तर देशातले उत्तम घड्याळजी सुरतेत तयार होऊ शकतील.

तोवर आपल्या हाती जे आहे ते आपण करावं. खंडेनवमीला आपण कारागिरीची हत्यारं पुसून, तेल देऊन पूजतो. मनगटावरचं घड्याळ हेही आपलं रोजचं हत्यारच आहे. चार वर्षांतून एका खंडेनवमीला ते काढून घड्याळवाल्या काकांकडे द्यावं, ते सांगतील तितके दिवस थांबावं, ते मागतील तो मोबदला न कुरकुरता द्यावा, आणि जमलं तर घरातल्या एखाद्या हुशार मुलाला त्यांच्या टेबलाशेजारी बसवावं. घड्याळ नातवापर्यंत पोचायला हवं असेल, तर ते उघडणारा माणूसही तिथवर पोचला पाहिजे.